यादीवाले सर आणि स्वीडनचं मत

यादीवाले सर नाव पुकारत आणि समोरच्यानं तोंडानं ‘हाय’ म्हणेपर्यंत पुढं सरकत नसत. हात वर केलेला चालत नसे, मान हलवलेली तर मुळीच नाही. लातूरच्या शिकवणीत बाकीचे सर फळ्याकडं तोंड करून सूत्रं ओकत, आमचे सर पहिली दहा मिनिटं हजेरीत घालवत. पालक कुरकुरले की म्हणत, “नाव पुकारलं अन् माणूस हाय म्हणला, याहून मोठं गणित मला येत न्हाई.”

हे खूळ कुठून आलं, ते त्या वर्गात एकट्या मला ठाऊक होतं. भूकंपाआधी सर आमच्या गावात मास्तर होते आणि मतदारयादीचं काम त्यांच्या गळ्यात असे. विसर्जनानंतरच्या पहाटे गाव पडलं. दुपारी सरांनी शाळेच्या मोडक्या कपाटातून ती यादी काढली आणि पटांगणात उभे राहून पहिल्या घरापासून एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. ‘हाय’ आलं की नावापुढं खूण. नाही आलं, की जरा थांबून पुढचं नाव. माझ्या वडलांचं, आबांचं नाव आलं, आईचं आलं. सर थांबले. कुणीच बोललं नाही.

मी आठ वर्षांची, मला कुठलं मत! यादी संपल्यावर सरांनी माझ्याकडं पाहिलं, शेवटच्या नावाखाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि पुकारलं, “शेवंता ज्ञानोबा!” माझी वाचाच बसली होती. सरांनी खूण केली नाही. “असू दे, पोरी. मी थांबतो,” म्हणाले.

मावशीनं मला नांदेडला नेलं. अकरावीला लातुरात आले, तर शिकवणीत गणिताला हेच सर! मेसच्या डब्याला मी नाक मुरडते हे कळल्यावर रोज घरून धपाटे आणत, आणि वर दमही देत, “खा मुकाट्यानं. उपाशीपोटी इंजिनेर होत नसतात.”

मी अठराची झाल्यापासून मात्र त्यांचा एकच धोशा. “नाव घातलं का गं मतदारयादीत? वर्गातलं ‘हाय’ तिथं चालत न्हाई. माझ्या यादीत एक जितं नाव बिनखुणेचं हाय.” मी टाळायचे. गाव दुसरीकडं वसलेलं, मावशीकडं मी पाहुणी, मग होस्टेल, मग पुणं. कुठला पत्ता लिहू? खरं सांगायचं तर मला कुठल्याच यादीत जायची भीती वाटायची. यादी पुकारली जाते, हे मी पाहिलं होतं.

नोकरीनं स्वीडनला नेलं. बऱ्याच वर्षांनी तिथली नागरिक झाले, आणि संसदेच्या निवडणुकीआधी मतदाराचं कार्ड न मागता टपालानं घरी आलं. हे फोनवर सांगायची मला काय अवदसा आठवली!

“घरबसल्या आलं? मग जाणार न्हवं?”

“नाही सर. निवडणूक अगदी घासून चाललीय. टीव्हीवर रोज बाहेरून आलेल्यांवरून भांडणं. त्यांची भांडणं, मला काय त्याचं?”

सर पहिल्यांदाच माझ्यावर कडाडले. “येडी का खुळी गं तू? भांडण तुझ्यावरून चाललंय, अन् तूच म्हणतीस मला काय त्याचं?”

गेले बापडी. एका शाळेच्या व्यायामशाळेत मतदान होतं. टेबलामागच्या बाईनं यादीत बोट फिरवलं, माझं नाव मोडूनतोडून वाचलं आणि वर पाहिलं. तोंडातून आपसूक मराठीतच निघालं, “हाय.”

घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला. सर म्हणाले, “बोट दाखव.”

“इथं शाई लावत नाहीत, सर.”

“शाई न्हाई? मग मत दिलं कशावरून?”

“नाव पुकारलं त्यांनी.”

“अन् तू?”

“हाय म्हणले.”

सरांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. मग म्हणाले, “थांब, पेन घिऊन येतो,” आणि फोन तसाच ठेवून गेले.

मोजणी तीन दिवस लांबली, कारण उशिरा आलेल्या थोड्या मतांवर सगळं अडलं होतं. सरांचा रोज फोन. “कागद मोजत बसलेत अजून? हे तर आपल्या ग्रामपंचायतीवाणीच झालं की!” शेवटी माझी बाजू थोडक्यात हरली. मी रडवेली झाले, तर सर म्हणाले, “हरलेलं मत बी मोजावंच लागलं ना त्यास्नी?”

त्याच हिवाळ्यात सर गेले. मला पोचता आलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

उन्हाळ्यात लातूरला सरांच्या घरी गेले. काकूंनी फडक्यात बांधलेली ती यादी माझ्यासमोर ठेवली. सरांनी एकही नाव खोडलं नव्हतं. आई आणि आबा तसेच होते, बिनखुणेचे. शेवटच्या पानावर पुसट पेन्सिलीत मी होते, आणि माझ्यापुढं निळ्या पेनाची ठसठशीत खूण. मी त्या खुणेवरून बोट फिरवत बसले.

काकूंनी पाणी दिलं. मग अवघडून एक कागद पुढं केला. “यांचं नाव मतदारयादीतनं कमी करायचा अर्ज हाय. मला न्हाई जमत लिवायला. तू लिहितीस का?”

मी पेन उघडलं. लिहिण्याआधी सरांचं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारलं, आणि जरा थांबले.