दिव्यांचं बटण माझ्याकडे

आमच्या घरात मोटार ह्यांची होती आणि मोटारीचे दिवे माझे होते.

ही वाटणी काही प्रेमापोटी झालेली नव्हती. खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्या शेठजींनी वापरून, कंटाळून, शेवटी घाबरून विकलेली ती गाडी. तिचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी कवटाळून धरावं लागे. एक हात सुटला की गाडी आपल्या मनानं दरीचा देखावा बघायला निघायची! म्हणून दिव्यांचं बटण मिस्त्रीनं डावीकडं, म्हणजे माझ्यापुढं, बसवून दिलं. वर ढकललं की दिवे मोठे, खाली ओढलं की बारीक, मधे ठेवलं की मध्यम. दिवे म्हणजे काय, कल्हई केलेल्या दोन पराती. मोठे केले की समोरच्या झाडावरचे कावळे पहाट झाली समजून ओरडत.

हे डॉक्टर. लोक जिथं नुसती हवा खाऊन बरे होतात, त्या लोणावळ्यात ह्यांनी दवाखाना काढला होता. त्यावरून ह्यांच्या व्यवहारज्ञानाची कल्पना यावी. (माझ्या वडिलांना ती लग्नाआधी यायला हवी होती.) तेवढ्यात गावातल्या धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरची कायमची जागा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांपुढं मुलाखत. ही जागा हुकली तर लोणावळं सोडून माझ्या भावाच्या औषधांच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मोठ्या कामाला जाताना थोरल्या बहिणीच्या पाया पडावं."

थोरली बहीण तळेगावात. तेव्हा आदल्या दिवशी आम्ही तिघं तळेगावला गेलो. वन्संनी आशीर्वाद दिला, वर आग्रह करकरून थालीपीठं वाढली, शिवाय वांग्यांचं एक गाठोडं बांधून दिलं. निघायला उशीर झाला. वडगाव मागं पडलं आणि दिवेलागण झाली.

कान्ह्याच्या जवळ समोरून एक बैलगाडी येताना दिसली. कामशेतचा बाजार उरकून घरी निघालेली.

"दिवे!" हे ओरडले.

दिवे काय? लावू? काढू? मोठे? बारीक? ह्यांची आज्ञा नेहमी अशी एका शब्दाची असायची. पुढचा अर्थ बायकोनं लावायचा.

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, बघतेस काय? दिवा मोठा कर! मोठा कर दिवा!"

आता याहून स्पष्ट काय सांगायचं? शिवाय अंधारात येणाऱ्या माणसाला उजेड दाखवणं ही तर आपली रीतच. मी बटण वर ढकललं.

त्या पांढऱ्याधोप उजेडात दोन बैलांचे चार डोळे क्षणभर चमकले. मग बैलांनी आपसात काहीतरी ठरवलं आणि गाडीसकट थेट भाताच्या खाचरात उतरले. गाडीच्या मागच्या बाजूनं पागोटं घातलेलं काहीतरी उडालं आणि चिखलात बसलं.

"आरं तिच्या मारी! सूर्य उगवला का काय हितं?" चिखल बोलला.

ते आबा होते, कान्ह्याचे शेतकरी. त्यांच्या मुलानं बैल आवरले, ह्यांनी आबांचा पाय चाचपला. घोटा मुरगळला होता. औषधांची पेटी दवाखान्यात राहिलेली.

"आबा, चला लोणावळ्याला. पट्टी बांधून उद्या सोडतो परत."

"ह्या मोटारीतनं?" आबांचा चेहरा उजळला. "व्हय, चला की! दुखतंय बी लय!"

मुलगा बैलगाडी घेऊन घरी गेला. आबा मागं सासूबाईंशेजारी बसले. मध्ये वांग्यांचं गाठोडं, सोवळ्याची भिंत म्हणून.

आता खरं तर तिथंच उलगडा व्हायचा. पण परक्यासमोर सुनेला बोलायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. आणि पेशंटसमोर बायकोला बोलायचं नाही, हा ह्यांचा. (घरात बोलायला दोघांचीही हरकत नसे.) त्यामुळे उलगडा सभ्यपणे लांबला. मी मनाशी विचार केला, माझं चुकलं काय? उशीर! बैलांना दिवा आधीपासून दिसला असता तर ते दचकले नसते. आता पुढच्या वेळी लवकर करायचा.

कार्ला गेलं. वळवणच्या रस्त्यावर एक माणूस हातात काठी घेऊन, आमच्याकडं तोंड करून, ताठ मानेनं चालत येत होता.

"दिवे!" हे.

"मोठा कर गं!" सासूबाई.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बटण वर ढकललं. आणि हातानं घट्ट दाबूनही धरलं!

त्या माणसानं काठी डोळ्यांपुढं धरली, एक पाऊल डावीकडं टाकलं, दुसरं त्याहून डावीकडं टाकलं, आणि तिसऱ्याला रस्ताच नव्हता. काठी तेवढी रस्त्यावर राहिली.

गाडी थांबली. मागून आबांचा कौतुकानं भरलेला आवाज आला, "ह्ये बी पडलं! बाई नेम धरूनच पाडत्यात जनू!"

चरातल्या घाणेरीच्या झुडपातून गर्जना झाली. "कोण आहे तो आंधळा?"

तो आवाज ऐकून हे स्टिअरिंगवरच वाकले. "मेलो! रावसाहेब!"

रावसाहेब म्हणजे निवृत्त इंजिनियर, आणि धर्मादाय दवाखान्याच्या पंचांचे अध्यक्ष. उद्या सकाळी ह्यांनी ज्यांच्यासमोर उभं राहायचं होतं, ते आज संध्याकाळी आमच्यासमोर आडवे होते.

"कोण तुम्ही?" रावसाहेब डोळे चोळत म्हणाले. "मला फक्त हिरवे-पिवळे गोळे दिसताहेत."

"मी... डॉक्टर," हे पुटपुटले. (हिरव्या-पिवळ्या गोळ्यांतच राहिलो तर बरं, असं त्यांना वाटत असावं.)

"इतक्या लवकर? आत्ता तर पडलो!"

मागून आबा मदतीला धावले. "रावसाएब, बसा बिनघोर. दागदर लय चांगला मानूस हाय. आदी पाडतो, पर सोडून न्हाई जात."

रावसाहेबांच्या गुडघ्याला मार लागला होता. त्यांना मागं चढवता येईना, म्हणून माझ्या जागेवर पुढं बसवलं. मी मागं गेले आणि वांगी मांडीवर घेऊन बसले. गाडीत आता आम्ही तिघं आणि आमचे जखमी दोन. आणखी दोघं पडले असते तर बहुमत त्यांचं झालं असतं!

गावात शिरताना स्टेशनाकडून एक टांगा समोर आला.

"दिवे!" हे सवयीनं ओरडले, आणि कुणापुढं ओरडलो ते कळून त्यांनी जीभ चावली.

"दिवा मोठा करा हो!" सासूबाई कळवळून म्हणाल्या.

रावसाहेबांनी हात पुढं केला आणि शांतपणे बटण खाली ओढलं. दिवे बारीक झाले. टांगेवाला सलाम करून निघून गेला. घोडासुद्धा खूश दिसला.

मला राहवलं नाही. "अहो, पण त्या मोठा करा म्हणाल्या ना?"

रावसाहेब मागं वळले. गुडघा दुखत असूनही वळले. "मग? मीही तेच केलं. तिन्हीसांजेला दिवा विझव म्हणू नये, अशुभ असतं. जुनी माणसं दिवा मोठा कर म्हणतात. त्याचा अर्थ मालव! बांगडी फुटली तर वाढवली म्हणतो, तसंच."

"सांगा हिला!" सासूबाईंचा बांध फुटला. परका माणूस आपल्या बाजूचा निघाल्यावर नियम कसला! "मी मेली दोनदा कंठ फोडून सांगतेय मोठा कर, मोठा कर, आणि ही बया आपली भडकवतेय!"

"म्हणजे तू... आई म्हणाली म्हणून..." हे म्हणाले.

"ह्ये आमच्या म्हातारीला बी ठावं हाय," आबा म्हणाले.

त्या क्षणी मला गाठोड्यातलं एक वांगं व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुलाखत झाली ती रावसाहेबांच्या पलंगाजवळ, कारण अध्यक्षांना उठता येत नव्हतं. पंचांनी प्रश्न विचारायचे आणि ह्यांनी पट्टी बदलता बदलता उत्तरं द्यायची. उमेदवाराचं काम पंचांना समोर सुजलेलं दिसतच होतं. रावसाहेबांनी शेवटी एवढंच विचारलं, "गाडी चालवताना बटण कोणाकडं राहील?"

"आईकडं," हे ताबडतोब म्हणाले. जागा मिळाली.

भावाचं दुकान टळलं, म्हणून मी देवापुढं साखर ठेवली. गावात मात्र "डॉक्टरीणबाई पाडतात, डॉक्टर उचलतात" असं महिनाभर चाललं. तेही मी सोसलं. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती आता सांगून टाकते. त्या वर्षी मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. सहामाहीचा पेपर मीच काढला. वाक्प्रचारांत, काही ध्यानीमनी नसताना, 'दिवे लावणे' घातलं: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.

रावसाहेबांच्या नातीनं लिहिलं होतं, "दिवे लावणे म्हणजे मोठा पराक्रम केल्याच्या थाटात फजिती करून घेणे. वाक्य: आमच्या मराठीच्या बाईंनी वळवणच्या रस्त्यावर दिवे लावले."

अर्थ बरोबर, उपयोग बरोबर, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी पैकीच्या पैकी गुण दिले. करते काय? मराठी तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं!