हरकत घेणारा

वेलची घातलेल्या अरबी कॉफीचा वास आला की कुवेतमधल्या सलवा भागातल्या माझ्या घरातली एक शुक्रवार सकाळ आठवते. रिफायनरीतला माझा मित्र मूळचा अलिबागचा. लहानपणी त्याच्या शेजारचे दोन ज्यू म्हातारे एकच धर्मग्रंथ मध्ये ठेवून ओट्यावर बसत. एकाने वाचायचं, दुसऱ्याने हरकत घ्यायची. तीच रीत आम्ही दर शुक्रवारी आमच्या पोथीला लावली होती. त्या आठवड्यात त्याची आई गावाकडे वारली. पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, शिक्क्यासाठी अडकलेला, त्यामुळे त्याला जाता आलं नाही. सुतकात पोथी उघडत नाहीत, तरी तो आला. मी कॉफी ओतली. आत्मा मरत नाही, अशी ओवी त्याने वाचली. मी म्हटलं, "खरंय." पुढच्या ओवीलाही तेच म्हटलं. त्याने पोथी मिटली. "सगळं खरंच असेल तर मी इथे कशाला आलो? खोलीत एकटा बसलो असतो. भांड की!" मग मी विचारलं, "आत्मा आहे ना, मग आईची हाक कुठे गेली?" कॉफी निवली. नंतर तो जो तावातावाने बोलायला लागला, तो दुपारची बांग होईपर्यंत. आता पुण्यात मी एकटाच वाचतो, आणि प्रत्येक ओवी मला पटत जाते.