खिंडीतली जागा

यामानाशीच्या डोंगरात नोव्हेंबरचं ऊन सावकाश उतरतं. आधी समोरच्या कड्यावर टेकतं, मग झाडांच्या शेंड्यांवर, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, जिथं शिकारी जमतात, तिथं पोचायला त्याला फार वेळ लागतो. तोवर माणसं हात चोळत उभी असतात. त्या सकाळी बाळासाहेबांना मात्र थंडी ठाऊकच नव्हती. टोक्योतल्या फुनाबोरीहून ते गाडी हाकत आले तेच शीळ घालत. अंगात नारिंगी जाकीट, खांद्याला कापडी खोळीतली रायफल, आणि छातीत वरातीतला ताशा वाजत होता.

वाजणारच. ज्या गोष्टीसाठी या माणसानं दहा वर्षं कळ काढली, ती आज त्याच्या खांद्याला होती.

बाळासाहेब मूळचे माण तालुक्यातले. कावासाकीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम. मोठ्या भूकंपानंतर ओळखीची कितीतरी कुटुंबं परत गेली, हे राहिले. पुढच्याच वर्षी ऑफिसातल्या एका मित्रानं त्यांना या गावात आणलं. हरणं इथल्या कोवळ्या झाडांची सालं सोलून खातात, द्राक्षबागा उद्ध्वस्त करतात, म्हणून गावकरी टोळीनं शिकार करतात. टोळीचा म्होरक्या आमेमिया-सान. त्यांच्या हातात लिव्हरवाली रायफल होती. ट्रिगरभोवतीची कडी बोटांनी खाली ढकलायची, वर ओढायची, खळ्ळ खट्! रिकामी पुंगळी बाहेर, नवी गोळी आत, आणि नजर जिथल्या तिथं. तो आवाज बाळासाहेबांच्या कानात शिरला तो मुक्कामालाच राहिला.

पण जपानात रायफल अशी मागितली आणि मिळाली, असं होत नाही. आधी छऱ्याची बंदूक घ्या, ती दहा वर्षं निष्कलंक सांभाळा, मग रायफलीचं बोला. पोलीस घरी येणार, कपाटाची कुलपं बघणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार. शेजारच्या प्रसन्नला त्यांनी विचारलं, "हे गृहस्थ बायकोशी भांडतात का?"

प्रसन्न म्हणाला, "नाही. ती भांडते. हे ऐकतात."

हवालदार हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं.

अशी वर्षं गेली. टोळीची शिकार म्हणजे वरून कुत्री हरणं हाकत आणणार आणि प्रत्येकानं आपापल्या ठरलेल्या जागेवर उभं राहायचं. बाळासाहेबांची जागा खाली, ओढ्याकाठी. वर दोन कड्यांच्या मधली खिंड आमेमियांची. हुशार नर ओढ्याकडे फिरकतच नाहीत, खिंडीच्या पलीकडच्या उतारावरून निसटतात. तिथं छऱ्याची बंदूक पोचत नाही, रायफलच लागते. यंदा आमेमियांच्या गुडघ्यांनी चढायला नकार दिला. त्यांनी आपली लिव्हरवाली रायफल रीतसर बाळासाहेबांच्या नावावर केली, पण खिंड दिली नाही.

"बंदूक दिली म्हणजे जागा दिली असं नाही, बारा-सान," ते म्हणाले. बाळासाहेब हे नाव त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही. "पहिल्या दिवशी तपासणीत बंदूक माझ्या समोर चालवायची. अडली, तर खिंड यंदा रिकामी राहील."

मग बाळासाहेबांनी त्या रायफलीचे काय लाड केले! आमेमिया ठेंगणे, हे उंच. म्हणून दस्त्यामागं रबरी जोड बसवला. त्यानं लांबी बोटभर वाढली, ती पोलिसांना दाखवून परवान्यावर चढवून घेतली. जुन्या अक्रोडाच्या लाकडाला जवसाचं तेल चोळून चोळून मुरवलं, इतकं, की सायंकाळच्या उजेडात ते गुळाच्या ढेपेसारखं झळकायचं. कोल्हापूरच्या प्रल्हादला, जो एरवी चपला शिवतो, मापं कळवून दस्त्यासाठी चामड्याचं आवरण शिवून आणवलं. थंडीत लोखंड बोटांना चावू नये म्हणून लिव्हरच्या कडीला चामड्याची वादी गुंडाळली. दुर्बीण लावली नाही. "डोळे देवानं दिलेत," म्हणाले, आणि नेम धरायला मागं बारीक भोकाची लोखंडी पट्टी बसवली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरावाच्या मैदानात तिनं मन जिंकलं, मग ती कपाटात गेली.

आता छोट्या पांढऱ्या ट्रकच्या फळीवर बंदुका मांडल्या होत्या. आमेमिया एकेकाला खोट्या गोळ्या देत आणि बंदूक चालवून दाखवायला लावत. बाळासाहेबांची पाळी आली. त्यांनी कडी खाली ढकलली. खळ्ळ! वर ओढली, आणि ती मध्येच अडकली. पुन्हा ओढली. हलेना.

मागं कुत्री कण्हत होती.

"इकडे द्या," आमेमिया म्हणाले. त्यांनी खोट्या गोळ्या काढल्या, रायफल उलटी केली आणि हलवली. फळीवर टिचकन काहीतरी पडलं. लाल रंगाचा तांदळाचा दाणा.

बाळासाहेबांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खंडेनवमी! पाटावर रायफल मांडली होती. बंदूक हाती धरली की ती रिकामी आहे हे दिसावं म्हणून लिव्हर उघडी ठेवायची, ही इथली शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली. म्हणून पूजेलाही तिचं तोंड उघडंच होतं. त्यांच्या पत्नी जयमालाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मोठ्या भक्तीनं कुंकवाच्या ओल्या अक्षता टाकल्या. बाहेरच्या पुसल्या गेल्या. आतल्या वाळून बसल्या.

"हे काय?" आमेमियांनी दाणा तळहातावर घेतला.

बाळासाहेबांनी सांगितलं. हत्याराची पूजा, वर्षातून एक दिवस, तांदूळ. टोळीतला गोतो-सान खो-खो हसला. "बारा-सान, बंदुकीला भूक लागली होती वाटतं!"

आमेमिया हसले नाहीत. मागं झाडाच्या बुंध्याशी त्यांनी सकाळीच डोंगराच्या देवापुढं मीठ, साके ही तांदळाची दारू आणि चिमूटभर तांदूळ ठेवला होता. त्यांनी तो लाल दाणाही तिथं नेऊन ठेवला.

"देव बाहेर असतो, बंदुकीत नाही," परत येऊन ते म्हणाले. "अजून किती दाणे आहेत?"

"माहीत नाही."

"कुत्री सुटायच्या आत माहीत करून घ्या. सुटली की मी थांबणार नाही."

बाळासाहेबांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. लिव्हरचा स्क्रू फिरला, कडी हातात आली, मागून लोखंडी खिट्टा सरकत बाहेर आला. बोटं चुकत नव्हती. एक दाणा निघाला. दुसरा कोपऱ्यात चिकटलेला, तो काडीनं खरवडला. टॉर्च मारून आत पाहिलं, फुंकर मारली, फडकं फिरवलं. तिकडं गोतोनं कुत्र्यांच्या गळ्यात घंटा बांधायला घेतल्या. स्क्रू बसेना. "बस की रे बाबा," बाळासाहेब मराठीत पुटपुटले, आणि तो बसला.

आमेमियांनी खोट्या गोळ्या भरल्या आणि स्वतः कडी चालवली. खळ्ळ खट्. खळ्ळ खट्. खळ्ळ खट्. लोण्यात सुरी फिरावी तशी.

त्यांनी रायफल परत दिली आणि नुसती हनुवटी वर केली. खिंडीकडं.

बाळासाहेब चढले कसले, उडालेच! पानांचा खच तुडवत, मुळांना धरत, श्वासाचा भाता करत. खिंडीत पोचले तेव्हा वरच्या रानातून कुत्र्यांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या होत्या. रायफल भरली. गुडघा टेकला. समोर सबंध उतार उन्हात उघडा पडला होता.

आणि तो आला. शिंगांचा मोठा नर, कड्याच्या धारेवर, मागं निळं आभाळ. बाळासाहेबांचं बोट ट्रिगरवर गेलं नाही. मागं माती नसेल तर गोळी सोडायची नाही. ती डोंगरापलीकडं कुणाच्या अंगणात जाईल. नर थांबला, कान फिरवले, आणि उतारावर उतरला. आता मागं माती होती. ठो! नराच्या पायाशी धुरळा उडाला. खळ्ळ खट्! नजर हललीच नाही. ठो!

नर दोन उड्या गेला आणि झुडपात कोसळला. पुन्हा उठला नाही.

बाळासाहेबांनी वायरलेस तोंडाशी धरला. इतक्या वर्षांचं जपानी कुठं पळून गेलं कोण जाणे. "पडला! पडला! अहो, पडला!" ते ओरडले.

"काय म्हणतोय हा?" गोतोचा आवाज.

"पडला म्हणतोय," आमेमिया म्हणाले. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. "बारा-सान, बंदूक भरून ठेवा. खिंड सोडू नका. कुत्री अजून वर आहेत, दुसरा तुमच्याकडंच निघालाय."

खळ्ळ खट्!