हातपंपाची खीळ

छावणीत तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. वय अवघं अकरा. घरदार सोडून सीमेपलीकडे आल्यावर तीन महिन्यांत तिने पाट्या वाचून वाचून इथली लिपी शिकून घेतली होती. मोठ्यांना ती जमेना.

टँकर सलग दोन दिवस आला नाही, तेव्हा बायकांनी कुंपणामागच्या बंद कारखान्यातला हातपंप चालू केला. नितळ, गार पाणी! दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणही तिथे गेली. पंपाला चिखलाने माखलेला पत्रा लटकत होता. तिने तो बाहीने पुसून वाचला आणि ती ओरडली.

"पिऊ नका! यात विष आहे, इथे लिहिलंय!"

"मग काय पिऊ, तुझं डोकं?" शेजारच्या तंबूतली काकू कडाडली. "माझी सासू तहानेनं तडफडतेय तिकडे."

आईने दंड धरून तिला घरी आणलं. "चारचौघांत शोभा करू नकोस."

तंबूत धाकटा भाऊ पेल्याने तेच पाणी पीत होता. मास्तरणीने पेला हिसकावून पालथा केला. आईने थोबाडीत मारली. गाल चोळत ती पुन्हा पंपाकडे पळाली. जेवणाची वेळ, तिथे चिटपाखरू नव्हतं. तिने बाटलीभर पाणी घेतलं, मग पंप कुणाला चालवता येऊ नये म्हणून दगडाने ठोकून दांड्याची खीळ काढली आणि थेट छावणीच्या दवाखान्यातली नर्सबाई गाठली.

नर्सबाईंनी पाणी तपासलं. त्यांचा चेहराच उतरला. "किती जण प्यायले?"

संध्याकाळी पंपाला कुलूप लागलं. टँकर आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर घसे कोरडे पडले होते. काकूची सासू बेशुद्ध झाली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. विषाने की तहानेने, डॉक्टरांनाही सांगता येईना. भाऊ आठवडाभर उलट्या करून सावरला. आई आता तिला "शहाणी गं माझी" म्हणायची, पण ते तिच्या अंगाला लागायचं नाही.

शेवटी ती काकूच्या तंबूत गेली. काकू भांडेल, चार शिव्या देईल, असं वाटलं होतं. काकूने नुसती सतरंजी सरकवून तिला जागा करून दिली.

"शेवटी घोटभर पाणीच मागत होती गं," काकू म्हणाली.

मास्तरीण काकूला टेकून बसून राहिली.