मोतीबिंदू नव्हता
आईच्या उजव्या डोळ्यापुढं काळी जाळी आली, तेव्हा आम्हाला घाबरायला झालं नाही. मोतीबिंदू असणार, काढला की दिसेल. दुसरी मोठी लढाई चालू होती, दोन्ही भाऊ पलटणीत, म्हणून कराडहून मीच तिला आगगाडीनं मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी औषधाचे थेंब घालून बराच वेळ डोळ्यात पाहिलं, मग लघवी तपासली.

"मोतीबिंदू नाही," ते मला म्हणाले. "मधुमेह आहे, बऱ्याच वर्षांचा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलंय."

"मग ते काढा की."

"ते काढता येत नाही, बाई."

मी त्यांचे पाय धरले. आई बाकावरून म्हणाली, "आवं, त्यो शेठ-सावकाराचा रोग. आमी भाकरी खानारी मानसं."

तिची न भागणारी तहान, मोरीत तिच्या लघवीला लागणाऱ्या मुंग्या, सगळं आम्ही पाहिलं होतं. उन्हाळा म्हणून, वय म्हणून सोडून दिलं होतं.

इन्सुलिन लढाईमुळं मिळालं तर मिळे. डॉक्टरांनी काचेची नळी आणि निळं औषध दिलं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. रोज विटकरीच होई.

मग आईनं खाणंच सोडलं. मेथीची भाजी आणि ताक, बस्स. मी रडले, ओरडले. ती ताट सरकवून द्यायची. "डोळ्यानं दिसू दे, मग खाईन." बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. पंधरा-वीस दिवसांनी औषध निळं राहिलं.

"आई, निळं!"

ती उठून दारात गेली, उजेडाकडे तोंड केलं, डावा डोळा झाकून उजव्यापुढं हात धरला.

"निळं आलं न्हवं? मग दिसंना का गं?"

डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पथ्यानं डावा डोळा टिकला तर टिकेल, उजव्याला पुन्हा दिसणार नाही. ते मी तिच्यापासून लपवलं होतं. त्या सकाळी सांगून टाकलं.  दुपारी तिनं माझ्या हातून अर्धी भाकरी खाल्ली.

पुढच्या उसाच्या हंगामात डावा डोळाही गेला. एक भाऊ रजेवर आला, तिच्यापुढं बसला, आणि त्याला शब्दच फुटेना. आईनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं.

"कंचा रं तू?" तिनं विचारलं. "थोरला का धाकला?"