चाखलेलं कुठे लिहितात?

आमच्या मोज्यांच्या कारखान्यात मॅनेजरचं कुणी ऐकत नाही, पण कॅन्टीनच्या मावशीपुढे तोही ताट धरून गुमान रांगेत उभा राहतो. मी तिथे तीस वर्षं टाइमकीपर होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बाराच्या ठोक्याला पाय आपोआप तिकडेच वळतात. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला घरचं अन्न गोड लागत नाही. तसं काही नाही. वाढण्याच्या खिडकीशेजारी एक बाक आहे, आणि त्या बाकावर बसलं की अख्ख्या कारखान्याची खबर न विचारता कानावर येते.

मावशीचं वजन एकशे अठ्ठावीस किलो. मी काही गुपित फोडत नाही. पॅकिंगच्या बायका एकदा तिच्या आकड्यावरून कुजबुजत होत्या, कोणी शंभर म्हणे, कोणी दीडशे. मावशीने खिडकीतून डोकं बाहेर काढून खरा आकडा सांगितला आणि वर म्हणाली, कुजबुजायचं तर निदान बरोबर कुजबुजा.

पण गेल्या दोन वर्षांत तिचे गुडघे बोलायला लागले. मग धाप. पुढे पुढे ती उंच स्टुलावर बसून रस्सा ढवळायची, आणि स्टुलावरून मागच्या शेगडीपर्यंत तिचा हात पोचायचा नाही. एक दिवस मॅनेजर सहज बोलल्यासारखं बोलून गेला की बाहेरून तयार डबे आणले तर कसं. मावशीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी भात खाली लागला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

आठवड्याच्या आत ती वजन कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी करून आली. बरोबर नवरा होता. तो बस ड्रायव्हर, अंगाने इतका सडपातळ की दोघं शेजारी उभी राहिली की एकच माणूस आणि त्याची काठी वाटते. इस्पितळातली सगळी हकिकत मला त्याच्याचकडून कळली. घरी त्याला बोलायला मिळत नाही, त्यामुळे बाकावर बसला की भडाभडा ओततो.

सर्जन म्हणे मोजकं बोलणारा. त्याने सांगितलं, पोट मी लहान करून देईन, सवयी तुम्हीच बदलायच्या. दहा आठवड्यांत सहा किलो उतरवा, लिव्हरवरची चरबी जरा कमी होऊ दे, मग तारीख देतो. नाही उतरलं तर तारीख नाही.

मग मावशीला आहाराच्या मॅडमच्या ताब्यात दिलं. मॅडम म्हणजे पंचविशीची पोरगी, पण शिस्त हेडमास्तरणीची. घास लहान, प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. आधी अंडं, डाळ, मग बाकीचं. फसफसणारी सरबतं बंद. रोज चालणं. आणि जे पोटात जाईल ते वहीत लिहायचं, लपवाछपवी नाही.

मावशी जिद्दीला पेटली. ती चावायला बसली की आमचं जेवण उरकून, हात धुऊन, अर्धी भांडणं मिटून जायची, तरी तिचा तिसरा घास चालूच. मी म्हटलं, मावशी, घास आहे की पगारवाढीचा अर्ज, किती वेळ चघळणार? तिला बोलता येत नव्हतं, तोंडात घास होता. तिने नुसता डाव उचलून दाखवला. मी समजलो.

सकाळी नवरा तिला चालायला न्यायचा. आता तीस वर्षं बस चालवलेला माणूस; प्रत्येक बसथांब्यावर त्याचे पाय आपसूक थांबायचे. लोक हसायचे, पण मावशीला ते पथ्यावर पडलं. थांबा आला की दम खायचा, पुन्हा निघायचं. पहिल्या आठवड्यात दोन थांबे, चौथ्यात सात.

आणि चार आठवड्यांनी काट्यावर उतरलं किती, तर चारशे ग्रॅम.

मॅडमने वही चाळली, पुन्हा चाळली, आणि जपून म्हणाली की या वहीप्रमाणे खाल्लं असतं तर तीन-साडेतीन किलो तरी उतरायला हवे होते. काही लिहायचं राहिलंय का?

ड्रायव्हर सांगतो, मावशीचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. तिने आयुष्यात कुणाच्या ताटात माप मारलं नाही, आणि तिला कोणी खोटारडी ठरवावं? ती एवढंच म्हणाली, "बाई, उद्या कारखान्यात या. सकाळपासून माझ्या मागे उभ्या राहा. एक दाणा न लिहिता खाल्लेला दिसला, तर तारीख मागणार नाही."

पोरगीही कमी नाही. दुसऱ्या दिवशी आठला हजर. आल्या आल्या एक रिकामं पातेलं मागून घेतलं आणि मावशीच्या मागे उभी राहिली. मी त्या दिवशी बाराऐवजी साडेआठलाच बाकावर होतो. असे खेळ रोज नसतात.

मावशीचं काम सुरू झालं. रश्श्याला उकळी आली, डावातलं तळहातावर घेतलं, चाटलं, मीठ टाकलं. पुन्हा घेतलं. बटाटा शिजला का, एक फोड तोंडात. भाताचं शीत बघायला गेली आणि चिमूटभर भात आला. सूप दाट झालं का, दोन चमचे. सूप पातळ केलं, आणखी दोन. गोडाच्या पातेल्यात साखर विरघळली का, हे तर तीनदा. दर खेपेला मॅडम मागून तेवढंच काढायची आणि आपल्या पातेल्यात टाकायची. मावशीला आधी वाटलं, पोरगी चव बघतेय, भूक लागली असेल बिचारीला.

साडेअकराला मॅडमने ते पातेलं ओट्यावर आणून ठेवलं. रस्सा, बटाटे, भात, सूप, गोड, सगळा काला. दोन माणसं पोटभर जेवतील एवढा.

"हे कुणी खाल्लं?" मावशीने विचारलं.

"तुम्ही," मॅडम म्हणाली.

"मी कुठे खाल्लं? मी चाखलं."

तिला खरंच तसं वाटत होतं. स्वयंपाक करणाऱ्याला चाखणं म्हणजे शिंप्याला सुई. सुईत ओवलेला दोरा का कुणी अंगावर घातलेला कपडा म्हणून धरतो? पण पातेलं समोर होतं. मावशीने पदराने तोंड पुसलं आणि मॅडमला म्हणाली की तुम्ही मला खोटी म्हणाला नाहीत, मीच तसं ऐकलं. हे वाक्य तिच्या तोंडून निघालं याचा मी साक्षीदार आहे, म्हणून सांगतो; कारखान्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

आता न चाखता रांधायचं कसं? पहिला उपाय म्हणून चाखायचं काम माझ्याकडे आलं. मला ब्लडप्रेशर, घरी सुनेने मीठ तोडलेलं. मला काहीही दिलं तरी अळणीच लागणार. दोन दिवस मी मनापासून "अजून थोडं" म्हणत गेलो. तिसऱ्या दिवशी लोकांनी दुपारपर्यंत पाण्याची टाकी रिकामी केली आणि मला पदावरून काढण्यात आलं. तेवढ्यात माझं वजन मात्र सव्वा किलोने वाढलं होतं.

मग मावशीने स्वतःच मार्ग काढला. मीठ चमच्याने मोजायला लागली, ज्याची तिला चोवीस वर्षं लाज वाटत होती. उकळीच्या वासावरून, डावावरून ओघळणाऱ्या धारेवरून अंदाज घ्यायला लागली. प्रत्येक पदार्थ एकदाच, शेवटी, एक चमचा चाखायचा आणि वहीत लिहायचा. दोन आठवडे रस्सा कधी खारट, कधी फिका. कुणी तक्रार केली नाही. केली असती तर डाव होताच.

दहावा आठवडा संपला. काट्याने दाखवले पाच किलो सहाशे ग्रॅम. सहाला चारशे कमी. ड्रायव्हर सांगतो, मावशी काट्यावरून उतरेचना, जणू उभं राहिलं तर आणखी थोडं गळेल. मॅडमने सर्जनला सांगितलं की पहिले चार आठवडे फुकट गेले, खरं वजन सहा आठवड्यांत उतरलंय, आणि कसं उतरलं ते मी स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलंय.

सर्जनने सोनोग्राफीचा कागद वाचला. "लिव्हर चांगलं झालंय. मला तेच हवं होतं. पुढच्या महिन्यात बारा तारखेला, मंगळवारी. आधीचे दोन आठवडे पातळ आहार, तो मॅडम लिहून देतील."

मावशीने बोटांवर काहीतरी मोजलं. "मंगळवारी नाही जमणार, डॉक्टर. कारखान्यात बाहेरचे व्यापारी जेवायला आहेत. बुधवार द्या."

आणि जो माणूस लग्नापासून बायकोच्या वाक्याच्या मध्ये कधी बोलला नाही, तो तिच्याकडे न बघता सर्जनला म्हणाला, "मंगळवारच लिहा. व्यापाऱ्यांना पाव-लोणी खाऊ घालू, मरणार नाहीत."

मावशीने त्याच्याकडे वळून पाहिलं. तिच्या ओठावर उत्तर आलं होतं, हे त्यालाही दिसलं. पण ती एवढंच म्हणाली, "अहो, लोणी बेताचं लावा."

आणि सर्जनने मंगळवार लिहिला.