औषधाच्या जागी अंडी

मोरिवलीतली माझी कंपनी बंद झाली आणि मी घरी बसले, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी मला कुळगावच्या पलीकडच्या आपल्या डुकरांच्या शेडवर ओढलं. त्या कित्येक वर्षं एकट्याच ती पिगरी चालवत होत्या. मी कंपनीच्या लॅबमध्ये रंगांची तपासणी करायचे. डुक्कर जवळून पाहिलंही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात चिखलात सपशेल आपटले, आणि जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, मला उठवायचं सोडून पोट धरून हसत बसल्या.

हळूहळू सगळं जमलं. एकाच गोष्टीने जीव खाल्ला होता. पिल्लं आईच्या दुधापासून तोडली की त्यांना हगवण लागायची. कालपर्यंत आईच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू आज मक्याच्या पिठाला तोंड लावायचं नाही, आणि लावलंच तर ते पचायचं नाही. म्हणून ताई सगळ्यांच्याच खाण्यात अँटिबायोटिकची पावडर मिसळायच्या, कुणी आजारी असो वा नसो. त्या धंदा शिकल्या तोच असा.

मग एका खेपेला पावडर देऊनही हगवण थांबेना. सकाळी शेड उघडावी तर एखादं पिल्लू कोपऱ्यात गार पडलेलं. ताईंनी पावडर वाढवली, तरी तेच. एकेक पिल्लू पोत्यात घालून त्या स्वतःच पुरायला न्यायच्या.

शेवटी मी बदलापूरच्या एका पशुवैद्य मॅडमना घेऊन आले. त्यांनी शेड पाहिली, पिल्लं उचलून पाहिली.

"रोज तेच औषध देऊन जंतू त्याला सरावलेत," त्या म्हणाल्या. "औषध आजारी पिल्लाला द्यायचं. बाकीच्यांना पचेल असं प्रोटीन द्या. उकडलेली अंडी, बिनमिठाच्या सुकटीचा कूट, पनीरचं पाणी. आणि जागा कोरडी, उबदार ठेवा."

"अंडी?" ताई माझ्याकडे वळल्या. "आपण खायची का डुकरांनी?"

तरी पुढच्या खेपेला त्या कबूल झाल्या. मी स्कूटरवर कॅन बांधून उल्हासनगरला एका पनीरवाल्या सिंधी काकांकडे गेले. पनीरचं पाणी कशाला हवं ते ऐकून ते म्हणाले, "ले जाओ बेटा. वैसे भी नाली में जाता है." तडकलेली अंडी बाजारात मिळाली. सुकट ताईंनीच कुटली, नाक मुरडत.

पिल्लं दुधापासून तोडली आणि दोन-तीन दिवसांत काहींची हगवण सुरू झालीच. ताई पावडरीचं पाकीट घेऊन आल्या.

"पुरे झाले तुझे लॅबचे प्रयोग. परत पोती भरायची का?"

मी खाण्याचा टब पिल्लांपुढे सरकवला. "ताई, जे सुस्त पडलंय त्याला मॅडम इंजेक्शन देतील. बाकीची बघा, टबाकडे येतायत. खात असतील तर देऊ नका ना."

त्या पाकीट हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. पिल्लं टबात तोंडं घालून मचमच खात होती. सुस्त पिल्लू आम्ही वेगळं केलं, मॅडमनी त्याला टोचलं. संध्याकाळपर्यंत ताईंनी पाकीट काही फोडलं नाही.

पुढच्या काही दिवसांत पिल्लांची शी घट्ट झाली. इतका आनंद मला कंपनीत प्रमोशन मिळालं तेव्हाही झाला नव्हता! शेपट्या वर वळल्या, अंगावर तकाकी आली. वेगळं ठेवलेलं पिल्लूही उठून बाकीच्यांत घुसलं. त्या खेपेतलं एकही पिल्लू गेलं नाही.

मग एका सकाळी पिल्लांनी सगळ्यांनी मिळून शेडची फळीच तोडली. आम्ही पोचलो तोवर सगळी फौज शेजारच्या भेंडीच्या वाफ्यांत. साडी खोचून ताई पुढे, मी मागे. एक धरावं तर दुसरं पायातून निसटायचं. शेजारीण बांधावरून ओरडत होती, आणि ताई तिच्यावर आवाज चढवून, छाती पुढे काढून सांगत होत्या, "ताकद बघा ना जरा त्यांची! अंडी खातात माझी पोरं, अंडी!"

आता शहाडच्या बाजूचे डुक्करवाले शेड बघायला येतात. त्यांना सगळं ताईच समजावतात. मला मध्ये बोलायला संधीच मिळत नाही, आणि मला ती नकोही आहे.